विंचसाठी बॅटरी घेताना नुसतं एएच बघू नका

भातखाचर (धागाकर्ता)

मागच्या जुलैत वेल्ह्याहून परत येताना माझी थार भातखाचराच्या बांधाशी रुतली. पुढचं डावं चाक एक्सलपर्यंत चिखलात. ९५०० पौंडांचा, म्हणजे साधारण ४३०० किलो ओढणारा विंच (ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारी बॅटरीवरची मोटर) पुढे होता, वीस मीटरवर आंब्याचं दणकट झाड होतं, पट्टा, शॅकल सगळं जवळ होतं. इंजिन चालू ठेवून ओढायला लागलो. पहिलं मिनिट गाडी इंच-इंच सरकली. मग विंचचा आवाज जड झाला, डॅशबोर्डचे दिवे मंदावले, सोलेनॉइड (विंचला करंट जोडणारा स्विच) टकटकायला लागला आणि इंजिन बंद पडलं. चावी फिरवली तर स्टार्टर ढिम्म. अंधार पडत आलेला, पाऊस चालू, घरी आई-बाबा वाट बघतायत.

दहा मिनिटांनी सहज पुन्हा चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली! त्या रात्रीपासून ही गोष्ट माझ्या डोक्यात घर करून बसली. बॅटरी रिकामी झाली असती तर आपोआप कशी भरली?

बॅटरी होती १०० एएचची (अँपिअर-अवर), सोलरला वापरतात तशी जाड प्लेटांची. विंच बसवताना एका दुकानात ‘विंच आहे ना, मग जास्त एएचची घ्या’ असं सांगून दिलेली. मी हिशोब मांडला. विंचने सरासरी ३५० अँपिअर घेतले, दोन मिनिटं चालला, तर खर्च होतात बारा एएचसुद्धा नाहीत. शंभरातले बारा. म्हणजे साठा संपला नव्हता, बॅटरीला तेवढा करंट एकदम देता येत नव्हता.

एएच म्हणजे टाकीत पाणी किती, आणि तेही वीस तास हळूहळू काढलं तर. नळ केवढा मोठा आहे, म्हणजे बॅटरी एकदम किती करंट देते, ते सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँप्स) सांगतं. विंचला मोठा नळ लागतो. बहुतेक विंच उत्पादक किमान ६५० सीसीए मागतात. म्हणून माझं ठाम मत: ७०० च्या वर सीसीएची एकच चांगली एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली बंद बॅटरी) घ्या. सह्याद्रीत शनिवार-रविवार फिरणाऱ्यांना दोन बॅटऱ्यांची गरज नाही. मी तशी घेतली आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा.

ताम्हिणी_पास

कारणासकट लिहितो. तुमच्याच गोष्टीत कारण आहे. इंजिन बंद पडलं आणि स्टार्टर फिरला नाही! त्या दहा मिनिटांत तुम्ही बांधाशी होतात म्हणून निभावलं. ओढ्याच्या मधोमध असतात तर?

विंच आणि स्टार्टर एकाच बॅटरीवर ठेवणं मला पटत नाही. माझ्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत, मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की दोन्ही जोडल्या जातात, १२.८ च्या खाली आलं की सुटतात. विंच मागच्या बॅटरीवर. ती पार बसली तरी पुढची शाबूत, गाडी सुरू होणारच. पावसाळ्यात ताम्हिणीच्या अलीकडे-पलीकडे एकट्याने जाणाऱ्याला मी एका बॅटरीचा सल्ला कधीच देणार नाही. आपला माणूस घरी पोहोचला पाहिजे, बाकीचा हिशोब नंतर.

जिप्सी_८५

पास भाऊ, तुमची काळजी समजते. पण दुसरी बॅटरी म्हणजे वीस-बावीस किलो, वर ट्रे, रिले, केबल, फ्यूज. माझ्या जिप्सीत एवढी जागाच नाही. आणि जेवढे जोड वाढतात तेवढ्या बिघडायच्या जागा वाढतात, चिखलपाण्यात तर जास्तच.

एकट्याने जाऊच नका, हा माझा पहिला सल्ला. दोन गाड्या असल्या की दुसरी बॅटरी आपोआप सोबत असते, जंप केबल तेवढी जाड घ्या.

पण धागाकर्त्याशी माझं वेगळं भांडण आहे. एजीएमच का? साध्या पाण्याच्या बॅटरीपेक्षा जवळजवळ दुप्पट किंमत. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला जातो, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. साध्या बॅटरीचं पाणी आटलं तर डिस्टिल्ड वॉटर घालता येतं. एजीएमचं आटलं की संपलं. शिवाय जुन्या गाड्यांचे रेग्युलेटर कधी कधी १५ व्होल्टपर्यंत चढतात. एजीएमला १४.८ च्या वर सतत मिळालं की ती मरते. माझी साधी बॅटरी चार पावसाळे विंच ओढते आहे. जिप्सीचं वजन जेमतेम एक टन, ६००० पौंडांचा विंच पुरतो, करंटही तेवढा लागत नाही.

भातखाचर

@जिप्सी_८५, रेग्युलेटरचा मुद्दा शंभर टक्के मान्य. जुन्या गाडीत एजीएम टाकण्याआधी चार्जिंग व्होल्टेज मोजलंच पाहिजे, हे मी लिहायला हवं होतं.

पण साध्या बॅटरीत दोन गोष्टी अडतात. एक, आतला रोध जास्त, म्हणून तेवढाच करंट ओढला तरी व्होल्टेज जास्त पडतं. व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते, तापते, आणि तेवढंच काम करायला जास्त वेळ लागतो. दुसरं, गाडी फार कलली की व्हेंटमधून ॲसिड बाहेर येऊ शकतं. ट्रे आणि चेसिस कसे सडतात ते मी मित्राच्या गाडीत पाहिलंय. तुमची गाडी एक टनाची आहे, माझी पावणेदोनच्या पुढे.

डोंगरमाथा

लिथियम घ्या ना सरळ. वजन निम्मं, व्होल्टेज शेवटपर्यंत सरळ रेषेत.

तारजोड

@डोंगरमाथा, घाई करू नका. बाजारात मिळणाऱ्या १०० एएचच्या बहुतेक लिथियम फॉस्फेट बॅटऱ्यांची बीएमएस (आतलं संरक्षक सर्किट) सलग १०० अँपिअरच्या आसपास अडते. विंचने साडेतीनशे मागितले की ती क्षणात सगळं तोडते. मंदावत नाही, थेट अंधार. आणि डायनामो चालू असताना बॅटरी अशी अचानक तुटली तर व्होल्टेज उसळतं, गाडीची इलेक्ट्रॉनिक्स उडू शकतात. जास्त करंटच्या खास बॅटऱ्या असतात, पण किंमत बघा. बॉनेटखालची उष्णता तर त्यांना अजिबात मानवत नाही.

आता मूळ धाग्याकडे. मी बावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय, म्हणून मोठ्या भावाच्या अधिकाराने बोलतो. भातखाचर, तुमचा हिशोब बरोबर आहे, निदान अर्धा. बॅटरी चुकीची होती हे खरं. पण तुम्ही केबलचं एक अक्षर लिहिलेलं नाही. विंचबरोबर आलेली केबल किती जाड आहे? लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्या) कोणी दाबले? विंचची अर्थ (निगेटिव्ह जोड) कुठे घेतलीय?

तांब्याचा साधा हिशोब सांगतो. जाऊन-येऊन चार मीटर केबल धरा, ४०० अँपिअर धरा. १६ स्क्वेअर एमएमची केबल असेल तर पावणेदोन व्होल्ट केबलमध्येच जातात. ३५ ची असेल तर ०.८. ७० ची असेल तर ०.४. बारापैकी पावणेदोन व्होल्ट तारेतच जळत असतील तर बॅटरी सोन्याची लावली तरी विंच रडणारच. आणि गळलेला प्रत्येक व्होल्ट उष्णता होऊन केबलमध्ये आणि लगमध्ये बसतो. हातोडीने ठोकलेले लग मी रोज बघतो. लग हायड्रॉलिक प्रेसनेच दाबायचा, वरून गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवायची.

बॅटरीनंतर बोलू. आधी लोडखाली मोजा. एक मल्टिमीटर बॅटरीच्या शिंगांवर (टर्मिनलवर), एक विंचच्या बोल्टवर, आणि करंटसाठी केबलभोवती लावायचा डीसी क्लॅम्प मीटर. दोन व्होल्टेजमधला फरक म्हणजे तुमची केबल आणि जोड.

ताम्हिणी_पास

तारजोड काकांना अनुमोदन. आणखी एक. नव्या गाड्यांमध्ये निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असतो. विंचची निगेटिव्ह थेट शिंगावर घेतली तर गेलेला करंट गाडीच्या कॉम्प्युटरला दिसत नाही, त्याला बॅटरी भरलेली वाटते आणि तो डायनामो आवरता घेतो. उत्पादकाचं पुस्तक ‘थेट बॅटरीवर जोडा’ म्हणतं, गाडीचं पुस्तक वेगळं म्हणू शकतं. दोन्ही वाचून घ्या.

रानवाट_मावळ

सगळे बॅटरीवर भांडताय, पण ती एवढी ताणायची कशाला? पुली वापरा! दोर पुलीतून फिरवून परत गाडीला अडकवला की विंचवरचा भार निम्मा आणि बॅटरीचा खर्चही निम्मा. आम्ही पवनेच्या बाजूला तसंच करतो. शिवाय ड्रमवरचा दोर जितका सोडाल तितकी ताकद जास्त, पहिल्या थरावरच विंच पूर्ण ओढतो. चौथ्या थरावर साठ टक्क्यांच्या आसपास येतो.

तारजोड

@रानवाट_मावळ ताई, पुली वापराच, पण खर्च निम्मा होत नाही. भार निम्मा झाला की करंट निम्म्यावर येत नाही, चारशेचा अडीचशेच्या आसपास येतो, कारण रिकामा फिरतानाही विंच साठ-सत्तर अँपिअर खातो. आणि दोर दुप्पट ओढावा लागतो. एकूण एएच जवळपास तेवढेच जातात. फायदा वेगळा आहे, आणि मोठा आहे. करंटचं शिखर उतरतं, व्होल्टेज टिकतं, मोटर आणि सोलेनॉइड थंड राहतात, डायनामोला आपला वाटा भरायला वेळ मिळतो. भातखाचरच्या हातात त्या रात्री पुली असती तर ती चुकीची बॅटरीसुद्धा चालून गेली असती.

रानवाट_मावळ

हे मला नव्याने कळलं. तरी माझं म्हणणं तेच राहील. आधी पुली, मग बॅटरी. पैशाचा क्रमही तोच आहे.

भातखाचर

दोन आठवड्यांनी परत लिहितोय. मुळशीला मित्राच्या प्लॉटवर चढावर गाडी ओढून मोजली, तारजोड काकांनी सांगितलं तसं. नवी एजीएम, पण केबल जुनीच. इंजिन बाराशे आरपीएमवर.

क्लॅम्प मीटरवर २८० अँपिअर. बॅटरीच्या शिंगांवर ११.४ व्होल्ट. विंचच्या बोल्टवर ९.८! दीड व्होल्टहून जास्त वाटेत गायब. अर्थच्या लगला हात लावला तर चटका बसला. एकट्या त्या लगवर ०.९ व्होल्ट पडत होते. नळी कापून पाहिलं तर आत तांबं हिरवं झालेलं आणि लग नुसता चपटा केलेला. केबल २५ स्क्वेअर एमएमची निघाली.

त्या रात्री स्टार्टरही का थांबला तेही आता कळतंय असं वाटतं. विंचच्या अर्थचा तो लग स्टार्टरच्या अर्थबरोबर बॅटरीच्या एकाच क्लॅम्पच्या बोल्टवर होता. तो बोल्ट सैल होता. काकांचं मत ऐकायला आवडेल.

५० स्क्वेअर एमएमची केबल आणून लग प्रेसवर दाबून घेतले, विंचची अर्थ स्वतंत्र बोल्टवर. त्याच चढावर पुन्हा मोजलं. वाटेतली घट आता ०.४.

एजीएम घेतल्याचं मला वाईट वाटत नाही, जाड प्लेटांची सोलर बॅटरी विंचला चुकीचीच होती. पण केबल आधी मोजायला हवी होती, हे मान्य.

तारजोड

सैल बोल्ट हे कारण पुरेसं आहे. तापला की जोड आणखी सुटतो, गार झाला की थोडा धरतो, म्हणून दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. बॅटरीही तेवढ्या विश्रांतीत थोडी सावरते. दोन्ही मिळून झालं असणार.

आता एक करा. सलग मिनिटभराच्या वर ओढू नका, दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवून थांबा, मग पुढचा टप्पा. आणि पॉझिटिव्ह केबलवर बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच लावा. पुढून ठोकर बसून ती केबल चेसिसला टेकली तर आग लागायला वेळ लागत नाही.

ताम्हिणी_पास

स्विच आणि केबल मान्य. तरी दुसरी बॅटरी लावा हो. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही एकटेच निघालात तर मला काळजी वाटेल.

भातखाचर

पास भाऊ, एकटा निघणार नाही, शब्द देतो. दुसऱ्या बॅटरीच्या पैशात पुली, स्विच आणि जंप केबल येते, ते आधी घेतो. जूनच्या दुसऱ्या रविवारी वेल्ह्याला जायचं ठरतंय. तुम्ही तुमची दोन बॅटऱ्यांची गाडी घेऊन या, त्याच बांधाशी दोन्ही मोजू.