१९७१ नंतर डाबोळीच्या नौदल तळावर काम केलेल्यांच्या मुलाखती: नेमकं काय विचारावं?

वहीपेन्सिल
युद्धानंतरची आठ-दहा वर्षं गोव्यात, डाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर काम केलेल्या काही निवृत्त नौसैनिकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. सगळे जमिनीवर काम करणारे: फिटर, इलेक्ट्रिकल, हँडलर (विमानं हलवणारे). वैमानिक एकही नाही. "तिथलं काही सांगा" म्हटलं की दोन वाक्यांत आटोपतं, आणि साल विचारलं की १९७३ आणि १९७८ एकमेकांत मिसळतात. कोणत्या कामाबद्दल आणि कसं विचारावं? सालं कशी पडताळावीत?

लाइनवरचा
आठवण विचारू नका, काम विचारा. "विमान उतरून लाइनवर (विमानं उभी करतात तिथे) आलं, तुमचा हात आधी कुठे जायचा?" इथून सुरुवात करा. चाकाला चॉक (अडकण), खुर्चीच्या सेफ्टी पिना, वेग मोजणाऱ्या पिटॉट नळीवर लाल फडकं लावलेलं कव्हर हा क्रम बहुतेकांच्या हातात अजून असतो. सी हॉक या जेट लढाऊ विमानाला मार्टिन-बेकरची इजेक्शन खुर्ची (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी) होती. पिना मोजून लावायच्या आणि उड्डाणाआधी मोजून काढायच्या. एक राहिली तर वैमानिकाला खुर्चीचा उपयोग नाही, एक कमी लावली तर कॉकपिटमध्ये काम करणाऱ्याच्या जिवाशी खेळ. पिना कोण मोजायचं आणि कोणाला दाखवायचं, हे जरूर विचारा.

दुसरा मोठा विषय मीठ. समुद्रावरून कमी उंचीवर उडून आलेल्या विमानावर खाऱ्या पाण्याचा थर बसतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट असतो, मधे खारट ओल आली की बॅटरीसारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि बोल्टच्या भोवती पापुद्रे सुटतात. म्हणून गोड्या पाण्याने धुणं, निचऱ्याची भोकं मोकळी आहेत का हे पाहणं, पुसणं, मग ओल हटवणारं तेल आणि ग्रीस. सगळ्यात त्रासदायक जागा म्हणजे पंख दुमडण्याच्या बिजागऱ्या, जहाजावर उतरताना तार पकडणाऱ्या हुकचा सांधा आणि चाकांच्या खोबणी. अलिझे या पाणबुडीशोधक विमानाच्या पोटाखालचा रडारचा घुमट हवेत खाली सोडतात आणि उतरताना वर घेतात. त्याच्या कडेच्या सीलबद्दलही विचारा.

धुताना स्टॅटिक हवेच्या छिद्रांवर (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या) चिकटपट्टी लावतात. ती काढायची राहिली तर उंची आणि वेग चुकीचे दिसतात. म्हणून पट्टी भडक रंगाची हवी आणि काढल्याची सही वेगळी हवी. हा प्रश्न विचारलात की माणूस आपोआप सविस्तर बोलायला लागतो, कारण यातली चूक कोणी विसरत नाही.

इंधनाचं पाणीही सोडू नका. अर्धी रिकामी टाकी रात्रभर दमट हवेत राहिली की आत दव धरतं. ते पाणी तळाला बसतं, म्हणून सकाळी तळाच्या कॉकमधून थोडं इंधन काचेच्या बरणीत काढून बघतात. टाक्या संध्याकाळीच भरून ठेवण्याचं कारणही हेच. गोव्याच्या पावसाळ्यात हे काम किती वाढायचं ते विचारा.

कालपट
सालासाठी विमानांची नावं पक्की धरा. हंसाची स्थापना ५ सप्टेंबर १९६१ ला कोइमतूरजवळ सुलूरला झाली, ती डाबोळीला आली १९६४ मध्ये. सी हॉकचं ३०० स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) आणि अलिझेचं ३१० स्क्वाड्रन युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते, आणि ४ डिसेंबर १९७१ ला सी हॉकनी कॉक्स बझारवर हल्ला केला. युद्धानंतरच्या काळात हे खुणेचे दगड:

सुपर कॉन्स्टेलेशन आठवत असेल तर १९७६ च्या शेवटानंतरचं, कारण ती हवाई दलाकडून तेव्हा आली. आयएल-३८ असेल तर ऑक्टोबर १९७७ नंतरचं. सी हॅरिअर म्हणाले तर १६ डिसेंबर १९८३ च्या आधीचं असूच शकत नाही, पहिली विमानं त्या दिवशी डाबोळीला उतरली. सी किंग हेलिकॉप्टरं १९७१ मध्ये कोचीला, आयएनएस गरुड या तळावर सुरू झाली. ती सांगणारा माणूस मधे कोचीला होता का, किंवा हेलिकॉप्टर जहाजावर पाहिलं का, हे विचारून घ्या.

आणि एक: स्क्वाड्रन जहाजावर चढायचं आणि पुन्हा तळावर उतरायचं. "मी हंसावर पाच वर्षं होतो" यात समुद्रावरचे महिने मिसळलेले असतात. ते वेगळे काढा.

वहीपेन्सिल
फार उपयोगी. दोन शंका. एकजण सी हॉकच्या "उंच शेपटीच्या" विमानांबद्दल सांगतात, दुसरे म्हणतात असं काही नव्हतंच. आणि एकांना रंगीत पेट्रोल आठवतं, बाकीच्यांना नाही.

लाइनवरचा
दोघंही बरोबर असू शकतात. १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या नौदलाकडची सी हॉक विकत घेतली होती. त्यांचं शेपटीचं उभं पान ब्रिटिश विमानांपेक्षा उंच होतं, काहींच्या पंखाखाली रडारची शेंगेसारखी पेटीही होती. कोण कोणत्या विमानावर काम करायचं त्यावर आठवण ठरते. सुटे भाग आपसात बसायचे का, हे दोघांना एकत्र बसवून विचारा.

रंगीत पेट्रोल म्हणजे एव्हगॅस, पिस्टन इंजिनाचं इंधन. सी हॉकचं नीन जेट, अलिझेचं डार्ट टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारं टर्बाइन), आयएल-३८ चीही टर्बोप्रॉप, सगळी केरोसीन जातीच्या इंधनावर, जे जवळपास पाण्यासारखं दिसतं. डाबोळीला रंगीत इंधन भरणारा माणूस बहुतेक कॉन्स्टेलेशनवर होता. म्हणजे सालही मिळालं.

नोंदपुस्तक
कागदांचं सांगतो. नौसैनिकांचे सेवा-तपशील मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. निवृत्तांनी स्वतः अर्ज करावा, सेवा क्रमांक अचूक लिहावा. घरात पदकं असतील तर त्यांचे फोटो काढा: पूर्वी स्टार म्हणजे युद्धात पूर्वेकडे, पश्चिमी स्टार म्हणजे पश्चिमेकडे. विक्रांत पूर्वेला होती, त्यामुळे तिच्यावरच्या माणसाकडे पूर्वी स्टार अपेक्षित.

शक्य असेल तर एक मुलाखत डाबोळीजवळ बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात घ्या. तिथे सी हॉक, अलिझे आणि सुपर कॉन्स्टेलेशन उभी आहेत. पंखाखाली उभं राहिल्यावर माणूस झाकणाकडे बोट दाखवून बोलतो, आणि तेच खरं दस्तऐवजीकरण. वारा फार असतो, म्हणून कॉलरला लावायचा माइक आणि त्याला फोमची टोपी न्या.

जेटच्या लाइनवर वर्षं काढलेल्यांपैकी अनेकांना उंच पट्टीचे आवाज ऐकू येत नाहीत. प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवा, समोरासमोर बसा, ओरडू नका, सावकाश बोला. सत्र चाळीस मिनिटांपेक्षा लांबवू नका.