मदत हवी आहे : कॅम्पवर कुत्री सोबत असताना शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून काय करावे?

नमस्कार. आम्ही साताऱ्यात राहतो आणि दिवाळीच्या सुट्टीत कॅम्परव्हॅन घेऊन कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी, बामणोलीजवळ २ रात्री मुक्कामाला जाणार आहोत. सोबत आमची ४ वर्षांची कुत्री असेल. रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र बरोबर ठेवणे, पट्टा आखूड धरणे आणि विष्ठा लगेच पिशवीत उचलणे हे आम्ही कटाक्षाने पाळतो.

अडचण वेगळी आहे. मागच्या सहलीत रात्री तिला गाडीत ठेवून आम्ही जेवायला गेलो, तेव्हा ती सतत भुंकत राहिली; परतलो तेव्हा काचेवर तिच्या नाकाचे ओले ठसे उमटले होते आणि शेजारच्या तंबूतल्या आजी जागा झालेल्या नातवाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार अपराधी वाटले. दिवसा तर तिला आत ठेवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण उन्हात बंद गाडी काही मिनिटांतच तापते.

अनोळखी जागी थोडा वेळ एकटे राहण्याची सवय तिला कशी लावावी? शेजाऱ्यांना आल्याआल्या आपण होऊन कल्पना द्यावी, की त्याने उगाच धास्ती वाढते? वाटेत गावातली गुरे आणि मोकळी कुत्री समोर आल्यास तिला कसे सांभाळावे, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.