आईच्या बिलातला स्थिर आकार वाढणार. हे न्याय्य आहे का?

प्रश्न:
आई एकटी राहते. दोन दिवे, पंखा, छोटा फ्रिज. आता प्रस्ताव आलाय की युनिटचा दर थोडा उतरवायचा आणि स्थिर आकार वाढवायचा. शेजारच्या बंगल्यात दोन एसी आणि गाडीचा चार्जर, तरी स्थिर आकार दोघांना सारखाच! आयुष्यभर जपून वीज वापरली, तिचंच बिल वाढणार. कुणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद १:
ताई, माझी नोकरी वितरणातच गेली. तार किती जाड, ट्रान्सफॉर्मर केवढा, हे महिन्याच्या युनिटांवर ठरत नाही. संध्याकाळी सगळ्या घरांचा भार एकदम येतो, त्यावर ठरतं. दुपारी गप्प असलेला ट्रान्सफॉर्मर त्या वेळी कसा घुमतो, हे मी खाली उभं राहून ऐकलंय. तारांचा सगळा खर्च युनिटमागे वसूल केला, तर छपरावर सोलर असलेला त्यातून बराचसा सुटतो. रात्री मात्र तो त्याच तारेवर असतो. त्याचा वाटा मग तुमच्या आईवर पडतो. म्हणून स्थिर आकार हवाच, पण सरसकट नको, किलोवॅटवर हवा, म्हणजे घर एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढतं त्यावर. नेदरलँड्समध्ये २००९ पासून घरांना जोडणीच्या क्षमतेनुसार आकारणी आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये २०२३ पासून दर महिन्याची सर्वांत जास्त भाराची १५ मिनिटं धरतात.

प्रतिसाद २:
फ्लँडर्समध्ये किमान २.५ किलोवॅट धरतातच, त्याखालच्या घरांनाही तेवढेच पैसे. आणि तुमचा भार पहाटे ३ वाजता चढला तरी तो मोजला जातो, तेव्हा तर तारा रिकाम्या असतात. माझ्याकडे सोलर आहे. माझा वाटा मी देईन, पण गाडी मध्यरात्री चार्ज केली म्हणून भुर्दंड का?

प्रतिसाद १:
बरोबर आहे तुमचं. नॉर्वेत २०२२ पासून महिन्यातल्या तीन वेगवेगळ्या दिवसांच्या सर्वाधिक वापराच्या तासांची सरासरी घेतात, त्यामुळे एका दिवसाची चूक महिनाभर भोवत नाही. मी तर म्हणेन, फक्त संध्याकाळचे तास धरा आणि किमान मर्यादा काढून टाका. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांना कमी स्थिर आकार मंजूर झाला, तोही मार्ग आहे. ताई, मीटरचं बटण दाबत जा, कमाल मागणी, म्हणजे तुमचा सर्वांत जास्त भार, दिसेल.

प्रश्नकर्ती:
दाबलं. १.१ किलोवॅट. इस्त्रीच्या दिवशीचा आकडा असणार, आई ती सकाळीच करते. हरकती घ्यायची मुदत अजून आहे. मीटरचा फोटो जोडून हाच आकडा लिहिते.