'ब्लॅकफ्रायर्स'मधला 'ब्लॅक' कशाचा?

प्रश्न : लंडनच्या इतिहासावरच्या एका अनुवादात 'ब्लॅकफ्रायर्स'चं 'कृष्णवर्णीय साधू' केलेलं दिसलं. हे बरोबर आहे का? आणि ब्लॅकफ्रायर्स म्हणजे डॉमिनिकन, कॅथलिक ख्रिस्ती साधूंचा एक संघ. त्यांचा झगा तर पांढरा असतो, मग 'ब्लॅक' आलं कुठून?

– चूकच आहे. रंग कातडीचा नाही, कपड्याचा. त्यातही झग्याचा नाही, वरून घ्यायच्या सैल आवरणाचा, 'कापा'चा. डॉमिनिकनांच्या अंगात पांढरा पायघोळ झगा, त्यावर खांद्यांवरून पुढे-मागे सोडलेला पांढरा रुंद पट्टा, कमरेला चामडी पट्टा आणि त्यात अडकवलेली जपमाळ. मठाबाहेर पडताना या सगळ्यावर काळा कापा चढायचा. रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेत तोच भरायचा, आणि नाव रस्त्यावरच पडलं. कार्मेलाइट या दुसऱ्या संघाचं नेमकं उलटं : आत तपकिरी झगा, वर पांढरा कापा, म्हणून 'व्हाइटफ्रायर्स'. त्यांचा कापा आधी पट्ट्यापट्ट्यांचा होता. पांढरा झाला १२८७ साली.

'ग्रेफ्रायर्स' म्हणजे फ्रान्सिस्कन. न रंगवलेल्या लोकरीचा राखाडी झगा, कमरेला गाठींचा दोर. आज त्यांच्यातले बरेच जण तपकिरी झग्यात दिसतात, त्यावरून नावाला चूक ठरवू नये. नाव मध्ययुगातलं आहे.

– एक भर घालतो, कारण खरा घोटाळा इथेच होतो. 'व्हाइट मंक' म्हणजे कार्मेलाइट नव्हेत, सिस्टर्शियन. १०९८ साली फ्रान्समधल्या सितो इथे सुरू झालेला संघ. 'ब्लॅक मंक' म्हणजे बेनेडिक्टाइन. मंक मठात राहून प्रार्थना आणि श्रम करी. फ्रायर गावात हिंडून उपदेश करी, भिक्षेवर जगे. दोघांनाही 'साधू' म्हटलं की रंगावरून संघ ओळखणं अशक्य होतं. मंकसाठी 'मठवासी' चांगला. फ्रायरला 'भिक्षू' म्हटलं तर बौद्ध भिक्षू डोळ्यांपुढे येतो. त्यापेक्षा पहिल्यांदा 'भिक्षाव्रती फ्रायर' आणि पुढे नुसतं 'फ्रायर' लिहावं.

प्रश्न : आणि स्थळनाम असेल तर?

– तसंच ठेवावं. लंडनचा डॉमिनिकन मठ १५३८ मध्ये बंद झाला, पण थेम्सवरचा पूल आणि रेल्वे स्थानक आजही 'ब्लॅकफ्रायर्स'च आहेत. 'काळ्या फ्रायरांचा पूल' वाचून कोणालाही ठिकाण सापडणार नाही.

– कॅपुचिनांना मात्र या रांगेत बसवू नका. फ्रान्सिस्कनांच्याच या शाखेचं नाव रंगावरून नाही, टोकदार टोपीवरून पडलं. इटालियनमध्ये ती 'कापुच्चो'. त्यांच्या झग्याचा तपकिरी रंग नावात उतरला तो कॉफीच्या, म्हणजे कॅपुचिनोच्या.