एकच डॉक्टर की टप्प्याटप्प्याला वेगळी टीम?

जिरायती
"वर्षानुवर्षं एकच डॉक्टर हे मानसोपचारातलं जुनं खूळ आहे. वॉर्डाची टीम वेगळी, ओपीडीची वेगळी, संकटाची वेगळी हवी." ही पोस्ट कालपासून फिरतेय आणि लोक माना डोलावतायत, म्हणून सविस्तर लिहितोय.

येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांतून घरी सोडलेला पेशंट बऱ्याचदा लांबच्या जिल्ह्यातला असतो. पुढे त्याला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम बघते. कार्डावर काय असतं? "स्किझोफ्रेनिया, ओलान्झापिन १० मिग्रॅ." आधीचं रिस्पेरिडोन हातपाय ताठरले म्हणून बंद केलं, हे नसतं. आजार उलटायला लागला की आधी याची झोप जाते की हा घरचं जेवण संशयाने टाकतो, हेही नसतं. ते डॉक्टरच्या डोक्यात असतं. टीम बदलली की ते गेलं.

चिकित्सक
डोक्यात असणं हाच तर दोष आहे. डॉक्टरची बदली झाली की तुमचं सातत्य संपलं. इंग्लंडने आरोग्यसेवेच्या २०००च्या आराखड्यात वेगळ्या टीम विचार करून मांडल्या: ३३५ संकटासाठी, २२० उपचार सोडून देणाऱ्यांचा घरी जाऊन पाठपुरावा करण्यासाठी, ५० पहिल्या सायकोसिससाठी, म्हणजे भास-संशयाचा झटका पहिल्यांदाच आलेल्यांसाठी. या शेवटच्या टीममध्ये एका कार्यकर्त्याकडे साधारण १५ पेशंट धरले होते. शंभर जणांच्या ओपीडीत विशीतल्या पोराचं कॉलेज, नोकरी, घरच्यांची समजूत हे कोण बघणार?

जिरायती
त्यातल्या घरी जाणाऱ्या टीम पुढे बऱ्याच ठिकाणी साध्या टीममध्ये विलीन केल्या, तेही लिहा. जितक्या टीम तितकी कुंपणं. संकटाची टीम म्हणते हा पुरेसा गंभीर नाही, ओपीडीची म्हणते हा आमच्या आवाक्याबाहेरचा. पेशंट मधल्या मध्ये.

रक्तगट_ओ
टीमचं नंतर, आधी क्लोझापिनचं बोला. स्किझोफ्रेनियात बाकीची औषधं लागू पडत नाहीत तेव्हाचं हे औषध, पण त्याने पांढऱ्या पेशी घटू शकतात. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला त्या तपासायच्या, पुढे जास्त अंतराने. ४८ तासांहून जास्त खंड पडला तर पुन्हा १२.५ मिग्रॅपासून चढवायचं. आता बघा: घरी सोडताना १५ दिवसांच्या गोळ्या आणि तालुक्याची ओपीडी महिन्याने. मधे खंड पडतो, मग घरचे थेट जुन्या ३०० मिग्रॅवर सुरू करतात. रक्तदाब कोसळतो, माणूस पडतो, फिटही येऊ शकते. यात सातत्य कुठे आणि तज्ज्ञता कुठे?

चिकित्सक
म्हणूनच क्लोझापिनचं स्वतंत्र क्लिनिक हवं. एक परिचारिका, एक वही, रक्ताचा रिपोर्ट बघितल्याशिवाय गोळी नाही. शौचाला कधी झालं हे दर भेटीत विचारायचं. या गोळीने बद्धकोष्ठ होतं, आतडं बंद पडून लोक दगावतात आणि सगळ्यांचं लक्ष पेशींच्या आकड्यावर.

नदीकाठ
लिथियमचं तसंच, म्हणजे मूड टोकाला जाऊ नये म्हणून देतात त्या औषधाचं. त्याची रक्तातली पातळी तपासावी लागते. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. पेशंट सकाळची गोळी खाऊन लॅबमध्ये जातो, पातळी जास्त दिसते, डोस उगाच उतरवतात आणि मेनिया, म्हणजे अति उत्साहाचा झटका, परत येतो. किंवा गुडघेदुखीसाठी गावातला डॉक्टर डायक्लोफेनॅक देतो, त्यात उन्हाळ्याचे जुलाब. मग पातळी खरोखर चढते: हात थरथरतात, चालताना झोक जातो.

रक्तगट_ओ
लिथियमची पातळी तालुक्याला होते का? शहरात बसून क्लिनिकं काढायला सांगणं सोपं आहे.

चिकित्सक
मुद्द्यावर बोला, मी कुठे बसतो यावर नको. ब्रिटन, बेल्जियम, जर्मनी, इटली, पोलंड या पाच देशांत दोन्ही पद्धतींची तुलना झाली. वर्षभरात पुन्हा भरती होण्यात फरक दिसला नाही.

जिरायती
मान्य, तो निकाल तसाच आहे. पण भरती झाली की नाही एवढंच मोजायचं? बलात्काराची, मारहाणीची हकिकत एका बाईने चौथ्या अनोळखी माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगायची, याचा हिशोब त्या आकड्यात नाही.

नदीकाठ
दोघांनी २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ९८ वाचा. घरी सोडताना, किंवा जबाबदारी नव्या मनोविकारतज्ज्ञाकडे जाताना, आधीच्याने पेशंट, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी (त्याच्या वतीने बोलायला नेमलेला माणूस), घरचे आणि पुढचा डॉक्टर यांच्याशी सल्लामसलत करायची आहे. म्हणजे निदान फोन करायचा, नुसतं कार्ड हातात द्यायचं नाही. पेशंट वॉर्डात असतानाच पुढच्या टीमच्या समाजसेवकाची आणि त्याची ओळख करून द्या. सोडल्यावर ७२ तासांत पहिला संपर्क साधा, इंग्लंडमध्ये हाच निकष आहे. आत्महत्येचा धोका त्या पहिल्या दिवसांत फार असतो.

जिरायती
एवढं खरोखर होत असेल तर वेगळ्या टीमला माझा विरोध नाही. होत नाही, म्हणून आहे.

रक्तगट_ओ
आणि गोळ्या किती दिवसांच्या द्यायच्या? ते कोणीच लिहिलं नाही.

नदीकाठ
पुढच्या ओपीडीच्या तारखेपर्यंतच्या, वर सात दिवसांच्या जास्त. त्या सात दिवसांच्या वेगळ्या पाकिटात, घरच्यांच्या हातात. ज्याच्या जिवाला धोका वाटतो त्याला मात्र आठवड्याच्याच द्या आणि आठवड्याला बोलवा.