अमेरिका-मेक्सिको सीमेवरची भिंत जवळून पाहिलेल्यांनी लिहा

मंडळी, ही सीमा सुमारे ३,१४५ किलोमीटरची. भिंत हवी की नको यावर आपल्या घरगुती बैठकींतही आवाज चढतात, आणि बोलणारे बहुतेक जण सीमेपासून फार दूर राहतात. म्हणून तिथे राहणाऱ्या, काम करणाऱ्या मराठी माणसांनी लिहावं ही विनंती. मत जरूर द्या, पण आधी पाहिलेलं सांगा.

सॅन डिएगो
मी ट्रॉमा विभागात नर्स आहे. २०१९ च्या सुमारास इथलं जुनं, बुटकं कुंपण काढून ३० फुटी पोलादी खांबांची भिंत उभी राहिली आणि आमच्याकडे येणाऱ्या जखमाच बदलल्या. टाचांचा चुरा, मोडलेले मणके, डोक्याला मार. शिडीने वर चढतात, पण या बाजूला उतरायला काही नसतं. हात सुटतो. माझ्या भाचीच्या वयाची एक मुलगी शुद्धीवर येताच भावाबद्दल विचारू लागली. तो कुठे होता, आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पहाऱ्यावरचा बॉर्डर पेट्रोलचा जवान मला बाजूला घेऊन म्हणाला, काही कळलं तर सांगतो. ड्यूटी संपेपर्यंत काही कळलं नाही. भिंतीने किती लोक थांबतात ते मी सांगू शकत नाही. पण उंची वाढवणाऱ्यांनी एकदा आमच्या वॉर्डात यावं असं मला मनापासून वाटतं.

ब्राउन्सव्हिल, टेक्सास
इथे सीमेवरची रिओ ग्रांदे नदी नागमोडी वाहते. त्यामुळे सीमेवर कुंपण घालण्याच्या २००६ च्या कायद्यानंतर आलेलं कुंपण नदीकाठी नाही, बरंच आत पूरबांधालगत आहे. काही घरं, शेतं अमेरिकेतच असूनही कुंपणापलीकडे राहिली. माझ्या सहकाऱ्याच्या वडिलांची संत्र्यांची बाग अशीच पलीकडे गेली. स्वतःच्या झाडांकडे जायला फाटकावर कोड दाबावा लागतो. घुसखोरीला त्यांचा कडवा विरोध आहे, रात्री बागेतून माणसं पळताना त्यांनी पाहिलीत. तरी जमिनीचा विषय निघाला की त्यांचा आवाज कापतो.

डलास
सीमेवर राहत नाही, तरी लिहितो. रोजगारावरच्या ग्रीन कार्डात एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून आम्ही वर्षानुवर्षं रांगेत. मुलगी २१ ची झाली की माझ्या व्हिसावर तिला राहता येणार नाही. नियम पाळणाऱ्याने किती सोसायचं? माझं मत भिंतीच्या बाजूने.

टूसॉन, ॲरिझोना
दादा, तुमची व्यथा खरी आहे. पण जून २०१९ मध्ये ल्यूकव्हिलजवळच्या वाळवंटात भारतातून आलेली ६ वर्षांची मुलगी उन्हाने गेली. आई पाणी शोधायला गेली होती. आम्ही काही जण त्या भागात पाण्याची पिंपं भरायला जातो. ज्या पट्ट्यात कुंपण पक्कं झालं तिथून वाट वळून आणखी ओसाड रानात जाते, हे आम्ही पाहतो.

न्यू जर्सी
फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने अमृतसरला परत पाठवलेल्या १०४ जणांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. माझ्या ओळखीचा मुलगा मात्र विमानाने, पर्यटक व्हिसावर आला आणि मुदत संपल्यावर राहिला. वडील गेले तरी त्याला जाता आलं नाही, कारण इतक्या वर्षांनी बाहेर पडला तर दहा वर्षं प्रवेशबंदी. डलासचे दादा, त्याला कुठली भिंत अडवणार होती?