जुन्या थारला घरच्या घरी मडफ्लॅप (चाकामागचे पडदे) करायचेत – बेल्ट कोणता, टायरपासून अंतर किती? काळ्या रानात गाडी घालणाऱ्यांनी सांगा

बालाघाटी:

मंडळी, नमस्कार. गाव अंबाजोगाई तालुक्यात. गाडी जुनी थार सीआरडीई (डिझेल), फोर बाय फोर. कंपनीचे २३५/७० आर १६ टायर काढून आधीच्या मालकानं रुंद मड टायर टाकलेत, ते बॉडीच्या बाहेर चांगली दोन बोटं डोकावतात. टायर बदलायचे नाहीत, पावसाळ्यात त्यांच्याच जिवावर शेत गाठतो. पण पुढच्या चाकाची सगळी राड दारावर, आरशावर, अन् काच खाली असली तर थेट गालावर.

राड धुता येते. खरी कटकट खडीची आहे. आमच्याकडं रस्ता दोन जातींचा. गावातून तिठ्यापर्यंत खडी अंथरून वर मुरूम टाकलाय. डांबर कधी पडेल ते पडो. तिथून खाली उतरलं की पांदण, निव्वळ काळं रान. खडीवर मागच्या चाकातून गोटे सुटतात, मागचा दुचाकीवाला शिव्या घालतो आणि त्याचं काही चुकत नाही. फूटस्टेपच्या मागच्या पत्र्याचे टवके उडून तिथं गंज धरायलाय.

दुकानातले तयार फ्लॅप बघितले. ते मूळ टायरच्या मापाचे, रुंदीला कमी पडतात, आणि पातळ प्लॅस्टिकला एक बरा गोटा लागला की तडा. त्यापेक्षा जुन्या कन्व्हेयर बेल्टचे करावेत असं डोक्यात आहे. लातूरच्या एका डाळमिलचा एलिव्हेटर बेल्ट भंगारात बघून आलोय. त्याला बादल्यांच्या बोल्टची भोकं ओळीनं आयतीच पाडलेली आहेत, पण एकेका भोकाभोवती रबर तारवटलंय आणि आतलं कापड दिसतंय. बाकी पट्टा दणकट वाटला. हे घ्यावं का?

दुसरं, आणि हाच माझा मुख्य प्रश्न. वापसा यायच्या आधी रानात गाडी घातली तर काळी माती कशी लपेटते ते इथल्या लोकांना सांगायला नको. त्यात उसाचं पाचट मिसळलं की झालंच. आत्ता फ्लॅप नाहीत म्हणून चाक ती माती मागं फेकून मोकळं होतं. फ्लॅप लावला तर टायर आणि रबराच्या मधे कोंडून चाकच धरणार नाही का? ट्रॅक्टरचं मडगार्ड असं गच्च भरलेलं सगळ्यांनी बघितलंय. म्हणजे खडीला फ्लॅप पाहिजे आणि रानाला नको. दोन्ही सांभाळून कुणी काही केलं असेल तर सांगा. वेल्डिंगवाला गावातच आहे, ग्राइंडर-ड्रिल घरी आहे.

खडीवाला:

डाळमिलचा सोडा. भोकांची ओळ म्हणजे फाटायची रेघ, तिथंच पहिल्यांदा दुमडणार. खडी क्रशरवरून उतरवलेला बेल्ट बघा, आठ मिलिमीटरच्या आसपासचा, दोन किंवा तीन पदरी नायलॉनचा. मधला भाग खडी घासून झिजलेला असतो, कडेचा निम्मा भाग नव्यासारखा निघतो. तेवढाच घ्यायचा. स्टीलच्या तारेचा बेल्ट कुणी फुकट दिला तरी आणू नका, कापताना ब्लेड संपतील आणि नंतर तारा बाहेर येऊन टायरला घासतील.

कापायला कटरचं ब्लेड आणि साबणाचं पाणी. एका दमात कापायला जाऊ नका, त्याच रेघेवरून ब्लेड फिरवत राहा. ग्राइंडर लावला तर धूर आणि वास, घरचे हाकलून देतील. कापलेल्या कडेतून पाणी कापडात शिरतं आणि पदर सुटायला लागतात, म्हणून कडेला पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन दोनदा फासा. अजून एक: बेल्ट गुंडाळून पडलेला असतो, त्याला वाक असतो. वाक मागं जाईल असा टांगा. उलटा टांगला तर खालचं टोक टायरकडंच येतं.

गोठा:

एवढा व्याप कशाला? गाईखाली टाकायची रबर मॅट मिळते, जाड असते, चार तुकडे करा आणि ठोका. आमच्या पिकअपला तेच आहे.

बालाघाटी:

मॅट घरात पडून आहे, तोही विचार झाला. मला वजनाची शंका वाटते. पिकअपला मागं चॅसिसवर ठोकता येतं, थारला पुढं नुसता पत्रा आहे.

गॅरेजमधून:

शंका बरोबर आहे. हिशोब करा. ३० बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा, आठ मिलिमीटर जाड, म्हणजे ९६० घनसेंटिमीटर. रबर पाण्यापेक्षा थोडं जड, त्यामुळं एक फ्लॅप सव्वा किलोच्या अलीकडं-पलीकडं. गोठ्याची मॅट १६ मिलिमीटरची धरली तर दुप्पट. एवढं वजन पत्र्याच्या ओठावर दोन बोल्टवर लोंबत, खडीवर सारखं हिसके देत राहिलं की भोकापासून पत्रा चिरत जातो. फ्लॅप टिकतो आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) जातं. एचडीपीईची (कडक, चिवट प्लॅस्टिक) पाच मिलिमीटरची शीट मिळाली तर तेवढ्याच मापाला अर्ध्या किलोच्या थोडं वर भरेल, आणि माती रबरापेक्षा कमी चिकटते. दगड लागला की खडखड आवाज मात्र येतो. पुढं एचडीपीई, मागं बेल्ट असं केलं तरी चालतं. चारी एकसारखे पाहिजेत असा काही नियम नाही.

आता अंतराचं. तुम्हाला वाटतं तसा इथं खडी आणि रानाचा फारसा झगडा नाही. दगड टायरवरून सुटतो तो गोलाईला लागून सरळ रेषेत सुटतो. घरीच बघा: एकानं दोरी टायरच्या मागच्या-खालच्या गोलाईला टेकवून धरायची, दुसऱ्यानं ती फ्लॅपच्या खालच्या कडेला लावून मागं ताणायची. त्या दोरीपेक्षा उभा उडालेला कुठलाही दगड फ्लॅपखालून निसटू शकत नाही. मूळ २३५/७० आर १६ टायरचा व्यास साधारण ७३.५ सेंटिमीटर. फ्लॅपची खालची कड जमिनीपासून २५ सेंटिमीटर ठेवली आणि फ्लॅप चाकाच्या मध्यापासून ४५ सेंटिमीटरवर टांगला, तर दोरी ३८ अंशांनी वर जाते. तोच फ्लॅप त्याच उंचीवर ५५ सेंटिमीटरवर नेला तर २९ अंश. म्हणजे मागं सरकवला की दगड उलट जास्त आडतो. तोटा एवढाच की टायर आणि फ्लॅपच्या मधला पत्रा उघडा राहतो, त्याला खालून अंडरबॉडी कोटिंग मारा. टायरच्या पाठीपासून दहा-बारा सेंटिमीटर मोकळे सोडले तर काळी माती बऱ्यापैकी खाली पडून जाते. तुमचे टायर बदललेले आहेत, तेव्हा आकडे माझे घेऊ नका, दोरी घ्या.

मागं किती सरकवायचं ते बांध ठरवेल. बांधावरून उतरताना फ्लॅपचं टोक टेकतं. पुढं जाताना नुसतं दुमडतं, काही होत नाही. रिव्हर्स घेताना मात्र टायर त्याच्यावर चढतो आणि फ्लॅप मुळासकट उपटून निघतो. म्हणून सहा मिलिमीटरचेच बोल्ट वापरा आणि फ्लॅपची वरची भोकं वरच्या कडेपर्यंत कापून उघडी ठेवा, म्हणजे हिसका बसला तर फ्लॅप निसटेल, पत्रा वाचेल. भोकावर थेट वॉशर नको. २५ बाय ३ ची लोखंडी पट्टी पूर्ण रुंदीभर मागून-पुढून, मधे रबर, नायलॉक नट (हिसक्यानं सैल न होणारा).

बालाघाटी:

दोरीचं आजच करून बघतो. पण दादा, दहा-बारा सेंटिमीटर सोडले तरी ऐन पावसात आमच्या पांदणीत भरणारच. जुलैमध्ये इथं बैल रुतायलेत.

गॅरेजमधून:

मग काढता येणारे करा. फेंडरच्या आत अँगलचा तुकडा कायमचा बसवा, त्याला दोन खुंट्या वेल्ड करा. फ्लॅपच्या पट्टीला दोन भोकं. फ्लॅप खुंटीत अडकवायचा आणि ट्रॅक्टरच्या लिंकेजला असते ती कडीवाली लिंच पिन लावायची. स्पेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते. तिठ्यावर थांबून पिना काढायच्या, फ्लॅप मागं टाकायचे, रानात घुसायचं. पान्याची गरज नाही, चिखलाच्या हातानंही निघते. पिनेला बारीक साखळी लावून अँगललाच बांधा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात उसात हरवेल.

खडीवाला:

काढायचे कशाला? खालच्या टोकाला साखळी अडकवून वर बंपरला टांगायचे. सगळे ट्रकवाले तेच करतात.

गॅरेजमधून:

ट्रकला जागा असते. थारला दुमडून वर बांधलं की त्या घडीतच माती साचते आणि मग ती वाळून दगडासारखी होते. मुरमाच्या डोंगरात चालेल, काळ्या रानात नाही.

संभाजीनगरकर:

एक मूलभूत मुद्दा राहतोय. गालावर येणारी राड फ्लॅप अडवणार नाही. ती टायरच्या बाहेरच्या कडेवरून वर-बाहेर उडते, कारण टायर बॉडीबाहेर आहे. त्याला वरून फ्लेअर, म्हणजे फेंडरची कड बाहेर वाढवणारी पट्टी लागते. तेवढ्याच रुंदीची बेल्टची पट्टी फेंडरच्या कडेला बोल्टनं बसवली तरी काम होतं, दिसायला कशी दिसेल ते सांगत नाही. आम्ही औट्रम घाटाच्या बाजूला गाड्या घेऊन जातो तेव्हा बाहेर आलेले टायर आणि नुसते फ्लॅप असलेल्या गाड्या परतताना बाजूनं ओळखू येत नाहीत.

आणि पुढचे फ्लॅप बसवण्याआधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण लॉकपर्यंत फिरवून बघा. नुसतं उभ्या गाडीत नाही, एक चाक दगडावर चढवून, सस्पेन्शन दबलेलं असताना. सपाटीला बोटभर अंतर दिसतं ते तिथं गायब होतं. ब्रेकच्या होजला पट्टीचं टोक लागत नाही ना, तेही त्याच वेळी.

बालाघाटी:

सगळ्यांचे आभार. डाळमिलचा बेल्ट रद्द. क्रशरच्या बेल्टची सोय धारूरकडच्या एका ओळखीच्यानं लावून दिली. मागं बेल्ट, पुढं एचडीपीई, चारीही लिंच पिनवर, आणि फ्लेअरची पट्टी उरलेल्या बेल्टची. दिसायला कशी दिसेल ते मलाही माहिती आहे, पण गाडी लग्नाला न्यायची नाहीय.

शेवटची शंका. बेल्टला भोक ड्रिलनं नीट पडत नाही, कापड बिटाला गुंडाळतंय. वेल्डिंगवाला म्हणतो सळई लाल करून पाडू. चालेल?

खडीवाला:

नको. नायलॉन वितळून भोकाची कड काचेसारखी होते, पहिल्या हिसक्याला तिथूनच तडकतं. मापाच्या लोखंडी नळीचा वीतभर तुकडा घ्या, एका तोंडाला ग्राइंडरनं बाहेरून धार लावा. बेल्टखाली बाभळीचा ठोकळा ठेवा आणि वरून हातोडा. गोल चकती निघून नळीत बसते, ती खिळ्यानं मागून ढकलायची आणि पुढचं भोक.

बालाघाटी:

जमलं. ठोकळा लिंबाचा होता, त्यानं काही अडलं नाही.